पाळणाघरचालक आणि पालक यांच्यासाठीच्या साहाय्य सेवांचे मूल्यमापन कसे करावे

पाळणाघरचालकांना प्रशिक्षण, सल्ला आणि अनुदान देणारी, तसेच पालकांना पाळणाघर शोधून देण्यास मदत करणारी सार्वजनिक सेवा उपयोगी पडते आहे की नाही, हे तिच्या वार्षिक अहवालावरून क्वचितच कळते. किती प्रशिक्षणवर्ग झाले आणि मदतवाहिनीवर किती दूरध्वनी आले, हे आकडे लागतातच. पण त्यांतून कामाचा व्याप दिसतो, परिणाम दिसत नाही. म्हणून माहिती गोळा करण्यापूर्वी एक गोष्ट लेखी नोंदवावी: या मूल्यमापनावर कोणता निर्णय अवलंबून आहे? सेवा बंद करायची, वाढवायची की आहे त्याच निधीत तिची रचना बदलायची, हे स्पष्ट झाले की कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते सोडायचे हेही बरेचसे ठरून जाते.

त्यानंतर पालक आणि चालक यांचे हिशेब वेगळे करावेत. दोघांचे हित नेहमी एकाच दिशेने जात नाही. पाळणाघर उशिरापर्यंत उघडे राहिले तर नोकरी करणाऱ्या पालकांची सोय होते, परंतु तो वाढीव वेळ सेविकेच्या मानधनात धरला गेला नसेल तर त्या सोयीची किंमत तीच मोजत असते. दोन्ही बाजूंच्या समाधानाची सरासरी काढून एकच गुण देणारा अहवाल नेमकी ही ओढाताण झाकून टाकतो.

पालकांच्या बाजूने पाहताना ‘माहिती मिळाली का’ या प्रश्नावर थांबू नये. पाळणाघरांची यादी हातात पडणे आणि मुलाला प्रत्यक्ष जागा मिळणे यांत बरेच अंतर असते. यादीतल्या किती ठिकाणी जागा रिकामी होती, मुलाच्या वयाला आणि पालकांच्या कामाच्या वेळांना ती जुळत होती का, शुल्क परवडणारे होते का, आणि काही महिन्यांनी मूल तिथेच आहे का, हे पुन्हा संपर्क साधून विचारावे. रात्रपाळी करणारे पालक आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक यांची उत्तरे स्वतंत्रपणे मांडावीत, कारण एकूण सरासरीत ती हरवतात.

चालकांच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेली चार पातळ्यांची चौकट अजूनही कामाची आहे: प्रशिक्षणाबद्दलची प्रतिक्रिया, शिकलेली गोष्ट, कामातील बदल आणि अंतिम परिणाम. बहुतेक मूल्यमापने पहिल्याच पातळीवर संपतात, कारण वर्ग सुटताना अभिप्रायाचा अर्ज भरून घेणे सर्वांत सोपे असते. माझ्या मते खरे लक्ष तिसऱ्या पातळीवर हवे. सेविका रडणाऱ्या मुलाला कसा प्रतिसाद देते, जेवणाच्या वेळी मुलांशी बोलते का, हे प्रशिक्षणापूर्वी आणि काही महिन्यांनंतर प्रत्यक्ष पाहावे लागते. अशा निरीक्षणासाठी 1980 पासून वापरात असलेली ‘इसर्स’ (ECERS) ही बालवर्गातील वातावरणाचा दर्जा मोजणारी एक ते सात गुणांची मापनश्रेणी उपलब्ध आहे. मात्र ती शाळापूर्व वयाच्या वर्गांसाठी आहे. तान्ह्या मुलांच्या आणि घरगुती पाळणाघरांच्या निरीक्षणासाठी वेगळ्या श्रेणी वापराव्यात. एकच वर्ग पाहून दोन निरीक्षक बरेच वेगळे गुण देत असतील, तर आधी त्यांचे प्रशिक्षण पूर्ण करावे.

सर्वांत अवघड काम म्हणजे खरी उत्तरे मिळवणे. जी यंत्रणा तपासणी करते किंवा परवाना देते, तीच साहाय्यही देत असेल, तर आपल्या अडचणी उघड करायला चालक कचरतात आणि समाधानाचे आकडे फुगतात. अशा वेळी मुलाखती बाहेरच्या व्यक्तीने घ्याव्यात, आणि एखाद्या भागात मोजकीच पाळणाघरे असतील तर तिथले निष्कर्ष वेगळे छापू नयेत, अन्यथा नाव न देताही माणूस ओळखू येतो. त्याचबरोबर ज्यांनी सेवा अर्ध्यावर सोडली आणि जे कधी आलेच नाहीत, त्यांचा शोध घ्यावा. वर्गाच्या वेळी मुलांना कोण सांभाळणार, या एका प्रश्नामुळे एकटीने पाळणाघर चालवणारी स्त्री बाहेर राहत असेल, तर ते हजेरीपटावरून कधीच कळणार नाही.

दिसलेला बदल सेवेमुळेच झाला का, हे ठरवण्यासाठी तुलना लागते. अर्ज जास्त आणि जागा कमी असतील तर सोडतीने निवड करणे न्याय्यही असते आणि तुलनेसाठी सोयीचेही. अमेरिकेतील गरीब कुटुंबांतील शाळापूर्व वयाच्या मुलांसाठीच्या हेड स्टार्ट या सरकारी कार्यक्रमाच्या 2002 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात हीच पद्धत वापरली होती. सोडत शक्य नसेल तर प्रतीक्षायादीतील कुटुंबांशी तुलना करावी, पण आधी आलेले आणि मागे राहिलेले यांच्या परिस्थितीतील फरक नोंदवून ठेवावा.

एकाच निकषावर निकाल देऊ नये, याचे ठळक उदाहरण कॅनडातील क्यूबेक प्रांताचे आहे. तिथे 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलर शुल्काची बालसंगोपन योजना सुरू झाली. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन यांच्या 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातांचा रोजगार वाढल्याचे आढळले, पण मुलांचे वर्तन आणि आरोग्य यांच्या काही मापकांवर घसरणही दिसली. केवळ रोजगार मोजला असता तर दुसरी बाजू नोंदलीच गेली नसती.

खर्च मांडताना शासनाच्या निधीबरोबर चालकांचा अर्ज भरण्यातला वेळ, प्रवास आणि बदली सेविकेचा खर्चही धरावा. मसुदा तयार झाल्यावर तो चालक आणि पालक यांच्या वेगवेगळ्या बैठकांत वाचून दाखवावा आणि त्यांचे आक्षेप, मान्य नसले तरी, अंतिम अहवालात जोडावेत.