पद्मिनीचं इंजिन बांधताना: आधी पार्ट हातात, मग रिबोअर

प्रीमियर पद्मिनीचा नवा पार्ट म्हणून आज जे मिळतं, ते बहुतेक लोकल माल असतं. जालन्यात माझ्या गॅरेजला ते कुर्ल्याहून नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून कुरिअरने येतं. हा माल वाईटच असतो असं नाही, पण डब्यावरचा आकडा आणि आतला आकडा एकच असेल याची खात्री मी धरत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला पहिलीच अट घालतो: नवा पार्ट बसून गाडी चालेपर्यंत जुना भंगारात द्यायचा नाही. तुटका असला तरी माप त्याच्यावरूनच मिळतं.

हे इंजिन 1089 सीसीचं. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 75 मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. लोक काय करतात, ब्लॉक आधी मशीन शॉपला रिबोअरला, म्हणजे झिजलेलं बोअर कापून मोठं करायला, टाकतात, ‘अर्धा मिमी ओव्हरसाइज करून ठेवा’ म्हणतात आणि मग पिस्टन शोधायला निघतात. उलटं करा. चारही पिस्टन आधी आणा, प्रत्येकाचा स्कर्ट (खालचा घेर) गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या, काटकोनात मायक्रोमीटरने मोजा, त्यावर 1-2-3-4 नंबर टाका आणि ब्लॉकसोबतच शॉपला द्या. एक नंबरचं बोअर एक नंबरच्या पिस्टनला. पिस्टन आणि बोअरमध्ये किती गॅप ठेवायची ते पिस्टनच्या कागदावर किंवा मॅन्युअलमध्ये बघा, कारागिराच्या अंदाजावर सोडू नका.

आपल्याकडे उन्हाळ्यात एक भानगड हमखास होते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आहे. पहाटेच्या 20 अंशाला मोजलेला 68 मिमीचा पिस्टन दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये 40 अंशाला मोजला तर जवळजवळ 0.03 मिमी मोठा दिसतो. बिडाचं बोअर त्याच्या निम्म्यानेच वाढतं. इथं सगळा खेळच शतांशाचा, त्यामुळे मोजणी फसते. ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी शेड तापायच्या आत मोजून मोकळे व्हा. शॉपवाल्यालाही हे सांगा. हसला तर हसू द्या.

पिस्टनचं वजनही करा. मी सराफाच्या काट्यावर करून आणतो. तो आधी विचित्र बघतो, मग स्वतःच रस घेतो. लोकल सेटमध्ये फरक निघतोच. सगळ्यात हलका असेल त्याच्या बरोबरीला बाकीचे आणायचे. घासायचं ते आतल्या बाजूने, बॉसच्या (गजन पिन बसते तो भाग) खालचं जाड धातू. स्कर्टला आणि क्राउनला, म्हणजे माथ्याला, हात लावायचा नाही.

रिंगा डब्यातून काढून थेट पिस्टनवर चढवू नका. एकेक रिंग तिच्याच बोअरमध्ये सोडा, पिस्टन उलटा धरून तिला खाली ढकला म्हणजे ती सरळ बसते, आणि टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. 68 च्या बोअरला साधारण 0.27 ते 0.30 मिमी फट हवी. जालन्याच्या मे महिन्यात मी 0.30 च्या बाजूनेच जातो. फट कमी असेल तर रिंग गरम होऊन टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअरवर उभे ओरखडे पडतात. कमी भरली तर बारीक कानशीने एकाच टोकाला घासा, बाहेरून आतल्या दिशेने, आणि शेवटी कड हलकेच मोडा.

बेअरिंगांचं थोडक्यात सांगतो. शेल (बेअरिंगची अर्धगोल पातळ वाटी) घरात बसवून तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळतंय का ते टॉर्च लावून बघा. मग क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) प्लास्टिगेजची, म्हणजे दाबली की चपटी होणारी मऊ प्लास्टिकची, तार ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक न फिरवता उघडा आणि तार किती चपटली ते मोजा. जर्नलच्या दर 25 मिमी व्यासाला 0.025 मिमी हा चालता हिशोब, बाकी मॅन्युअलचा आकडा खरा.

हेड गॅस्केट घ्यायला जाताना जुनं सोबत न्या आणि एकावर एक ठेवून उजेडाकडे धरा. पाण्याचं एखादं भोक कमी असलेलं गॅस्केट मी दुकानातूनच परत दिलंय. व्हॉल्व्हची लांबीही जुन्याशी ताडून बघा. जास्त लांब असेल तर टॅपेटचा अ‍ॅडजस्टर (व्हॉल्व्हची गॅप सेट करायचा स्क्रू) पुरत नाही. लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर पेस्ट लावून घासणं, झालं की हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा. पोर्ट कोरडा राहिला म्हणजे सीट पकडली.

बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची सवय मात्र मोडा. आपल्या भागातल्या जड पाण्याचा क्षार वॉटर जॅकेटमध्ये दगडासारखा बसतो, आणि नवे पिस्टन त्यातच तापतात. रिबोअरच्या आधी प्लेटा काढून जॅकेट खरवडून घ्या, नंतर डिस्टिल्ड पाण्यात कूलंट.

पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवा, ऑइल प्रेशर दिसलं की मगच प्लग लावा. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्याबरोबर वीस मिनिटं दोन हजारच्या आसपास आरपीएम ठेवा, आयडलवर गुरगुरत सोडू नका. पहिले 500 किमी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नको, पण एकाच वेगाने रेटूही नका. अंबड रोडला कमीजास्त करत न्या. मग ऑइल बदला. मॅन्युअलमध्ये रिटॉर्क (नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळणं) सांगितलं असेल तर इंजिन पूर्ण गार असताना हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा आवळा. आणि त्यानंतर टॅपेट परत सेट करा, कारण हेड आवळलं की त्यांची गॅप बदलते.