मागचं डिफरन्शियल उघडण्याआधी

केळीच्या बागेला बारा महिने पाणी, त्यामुळे बागेतला गाडीरस्ता भर मे महिन्यातही ओला. त्या काळ्या मातीत माझी जुनी फोर-बाय-फोर बोलेरो रुतली की मागचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. फोर-बाय-फोरचा दांडा टाकला तरी पुढेही तोच प्रकार. साधं डिफरन्शियल (एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. घसरणाऱ्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, मग दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा मिळतो. यावर उपाय म्हणजे मागे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्रच फिरवणारी यंत्रणा. पण या कामात जे चुकतं ते बहुतेक गाडी खोलायच्या आधीच चुकलेलं असतं, म्हणून तयारीचं सगळं इथे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी रेशो, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या गिअरचे (क्राऊन) दात भागिले त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे (पिनियन) दात. आमच्याकडच्या एका जुन्या मिस्तरींचं अहिराणी वाक्य माझ्या कानात बसलंय, "भाऊ, पहिले दात मोज, मंग पैसा काढ." मी पूर्वी एकदा ते केलं नाही. मागच्या क्राऊन-पिनियनचा आवाज येत होता, एका गॅरेजने "याच गाडीचा आहे" म्हणून जुना सेट बसवून दिला. डांबरी रस्त्यावर गाडी छान पळाली. पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी दांडा टाकला आणि स्टिअरिंग जड झालं, खालून ताणल्यासारखा आवाज यायला लागला, दांडा मागे येईना. शेवटी गाडी रिव्हर्स घेतली तेव्हा कुठे तो सुटला. पुढचा रेशो 43 भागिले 10 म्हणजे 4.30 होता, मागे बसवलेला 41 भागिले 10 म्हणजे 4.10. दांडा टाकला की पुढचा-मागचा जॉइंट (एक्सलला फिरवणारा लांब शाफ्ट) एकाच वेगाने फिरतो. म्हणजे मागची चाकं एक किलोमीटर गेली की पुढची सुमारे 47 मीटर मागे राहू पाहणार. तो सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारा डबा), क्रॉस (जॉइंटच्या टोकांचे सांधे) आणि एक्सल सोसतात. तेव्हा फक्त लॉकर टाकायचा असेल तर आपलाच क्राऊन-पिनियन ठेवा. रेशो बदलायचा असेल तर पुढचाही बदलायला लागणार, हे खर्चात आधीच धरा.

रेशो मोजायला डिफरन्शियल खोलावं लागत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. गाडी न्यूट्रल, दांडा टू-व्हीलवर, हँडब्रेक सुटा. चाकावर आणि जॉइंटवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर 20 वेळा फिरवा आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटचे फेरे मोजायला बसवा. 43 आले तर 4.30. जमिनीवरचं चाक स्थिर असल्यामुळे चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक, हा त्यामागचा हिशेब. डिफरन्शियल उघडल्यावर दात प्रत्यक्ष मोजून हाच आकडा पक्का करा.

मग कोणता लॉकर घ्यायचा ते. शेतरस्ता आणि घाट अशी दोन्ही कामं असतील तर हवं तेव्हाच लागणारा, हवेवर किंवा विजेवर चालणारा लॉकर मला सर्वांत बरा वाटतो. महिंद्राने 2015 च्या थारमध्ये ईटनचा यांत्रिक लॉकर दिला. तो दोन चाकांच्या वेगातला फरक वाढला की आपोआप लागतो, बटण दाबावं लागत नाही. क्लचवाला लिमिटेड स्लिप (चाकाचं घसरणं काही प्रमाणातच रोखणारा) घेतलात तर त्याच्या ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारी भर) लागतो, तो यादीत लिहा. स्टार पिनियनला (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या आतल्या छोट्या गिअरना) वेल्डिंग मारून "कायमचं लॉक" करून देणारे भेटतात. कृपा करून तसं करू नका. डांबरी रस्त्याच्या वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळं अंतर कापतं, ते रोखलं की टायर घासतात आणि एक दिवस हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा शाफ्ट) तुटतो.

लॉकर मागवण्याआधी हाफ शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा) मोजा. एकाच घराण्याच्या जुन्या जीप एक्सलमध्येही 19 आणि 30 स्प्लाइन असे दोन प्रकार मिळतात, त्यामुळे गाडीच्या नावावर भरवसा ठेवू नका. स्प्लाइन पिळलेले दिसले तर नवा शाफ्ट.

सुटे भाग सगळे टेबलावर आल्याशिवाय बोल्ट ढिला करायचा नाही. पिनियनची दोन्ही आणि क्राऊनच्या दोन्ही बाजूंची बेअरिंग, पिनियनचं ऑइल सील, नवा पिनियन नट, चेपणारा स्पेसर असेल तर एक जास्तीचा (तो एकदाच वापरता येतो, गरजेपेक्षा जास्त चेपला की फेकायचा), शिमचा (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्यांचा) संच, क्राऊनचे बोल्ट, थ्रेड लॉक, गॅस्केट. क्राऊन-पिनियन नेहमी जोडीनेच घ्या. कारखान्यात ते एकमेकांशी जुळवलेले असतात. ऑइल जीएल-5, आपण ज्याला नव्वद नंबर म्हणतो ते, ग्रेड गाडीच्या पुस्तकाप्रमाणे.

मिस्तरी निवडताना एकच विचारा: डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) आणि मार्किंग ब्लू आहे का? "हाताने प्ले कळतो" असं उत्तर आलं तर गाडी परत आणा. क्राऊनचा प्ले (दातांमधली मोकळीक) मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागांत असतो, हाताला तो कळत नाही. ब्लू मात्र स्वतः बघायला उभे राहा. दातांवर निळी पेस्ट लावून क्राऊन फिरवला की पिनियन जिथे टेकतो तिथे निळाई पुसली जाऊन लांबट ठसा उमटतो. तो दाताच्या मधोमध हवा. टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला तर पिनियनखालची शिम बदलून पुन्हा जुळवायचं, आणि यात अख्खी दुपार गेली तरी जाऊ द्यावी. बेअरिंगच्या कॅप काढण्याआधी पंचाने डावी-उजवीची खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही.

एक्सलचा ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारं छिद्र) तपासा. तो तुंबला असेल तर गरम एक्सल अनेर नदीच्या पाण्यात उतरताच थंड होतो, सीलमधून पाणी आत ओढतो आणि ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. रबरी नळी जोडून ब्रीदर चासीवर उंच नेणं हे फार थोड्या पैशांचं काम आहे.

कागदांचंही पाहा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांविषयीचे नियम आहेत. 15 वर्षांनंतरच्या नूतनीकरणाच्या तपासणीला जायचं असेल तर आरटीओत आधी विचारून घ्या, बिलं जपा आणि विमा कंपनीला कळवा.

दिवस कापूस निघाल्यावरचे आणि मृगाच्या आधीचे धरा, गाडी तीन-चार दिवस उभी राहणारच. नव्या क्राऊन-पिनियनची पहिली फेरी पहाटे, रिकाम्या गाडीने, 25-30 किलोमीटर सावकाश, मग अर्धा तास थांबून एक्सल थंड होऊ द्यायचा. पुढचे 800 किलोमीटर ट्रॉली ओढायची नाही, केळीचे घड भरायचे नाहीत. त्यानंतर ऑइल बदला आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोट फिरवा. राखाडी लगदा असला तर ठीक, बोटाला टोचणारा तुकडा लागला तर गाडी तिथेच थांबवा.