एलव्हॅड बसवलेल्या रुग्णाचा इको: या चुका टाळा

एलव्हॅड म्हणजे डाव्या जवनिकेचं (एलव्ही, शरीराला रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा) काम हलकं करणारा पंप. त्याची इन्फ्लो कॅन्युला (रक्त आत घेणारी नळी) हृदयाच्या टोकातून आत घातलेली असते. पंप तिथून रक्त ओढतो आणि आउटफ्लो ग्राफ्टमधून (रक्त बाहेर नेणाऱ्या नळीतून) थेट महाधमनीत सोडतो. ठोके चालू असतात, पण बरंचसं रक्त एऑर्टिक व्हॉल्व्हच्या (एलव्ही आणि महाधमनी यांच्यामधल्या झडपेच्या) वाटेने जातच नाही. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) रोजची मापं रोजच्या सवयीने घेतली, तर दिसायला नीटनेटका आणि अर्थाने चुकलेला रिपोर्ट तयार होतो.

पंपाचा वेग न लिहिता इको सुरू करणं

सगळ्यात जास्त नुकसान हीच चूक करते. एलव्हीचा आकार, सेप्टमची (दोन जवनिकांमधल्या पडद्याची) जागा, व्हॉल्व्हचं उघडणं, मायट्रल (एलव्हीत रक्त येण्याच्या वाटेवरची झडप) गळती हे सगळं त्या क्षणीच्या आरपीएमवर (पंपाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर) आणि रक्तदाबावर ठरतं. एक इको ५००० आरपीएमला आणि दुसरा ५६०० ला काढलेला असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून ‘एलव्ही लहान झाली’ म्हणण्यात अर्थ नाही. प्रोबला जेल लावण्याआधी पंपाचा प्रकार, वेग, फ्लो, पॉवर आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (ठोक्यागणिक फ्लोत होणारा चढउतार) मशीनवर टाइप करा, म्हणजे प्रत्येक क्लिपवर ते दिसत राहतील. वेग बदलला की लगेच मजकूरही बदला. चुकीचं लेबल हे लेबल नसण्यापेक्षा वाईट.

पंपाचा प्रकार लिहायचं कारण असं, की नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. हार्टमेट २ साधारण ८००० ते १०,००० आरपीएमवर चालतो, हार्टमेट ३ बहुधा ५००० ते ६००० वर, तर एचव्हॅड २४०० ते ३२०० च्या आसपास. एचव्हॅडची विक्री २०२१ मध्ये थांबली, तरी तो बसवलेले रुग्ण अजून तपासणीला येतात.

कंट्रोलरवरचा फ्लो हा मोजलेला आकडा नाही. वेग आणि पॉवर यांच्यावरून काढलेला तो अंदाज आहे. पंपात गुठळी अडकली की पॉवर वाढते आणि फ्लोही खोटाच वाढलेला दिसतो. ‘फ्लो चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

रक्तदाब मागच्या आठवड्याच्या कागदावरून उतरवणं

हे पंप समोरच्या दाबाला फार संवेदनशील असतात. दाब चढला की पंपातून जाणारं रक्त कमी होतं, एलव्ही फुगते, एऑर्टिक गळतीही वाढते. म्हणून दाब इकोच्या वेळीच घ्यायचा. अनेकांची नाडी हाताला लागत नाही आणि ऑटोमॅटिक कफ आकडाच देत नाही. मग हँडहेल्ड डॉप्लर दंडाच्या धमनीवर धरा, कफ फुगवा आणि सावकाश सोडत जा. आवाज परत येतो तो आकडा लिहा. नाडी लागत नसेल तर तो मीन प्रेशरच्या (सरासरी दाबाच्या) जवळ असतो. नाडी स्पष्ट लागत असेल तर मात्र तो सिस्टॉलिकच्या जवळ जातो, आणि त्याला मीन समजून औषध वाढवलं जाण्याचा धोका असतो. मीन प्रेशर साधारण ७० ते ९० मध्ये असणं अपेक्षित आहे.

ईसीजीवर आंधळा भरवसा

पंपाच्या विद्युत अडथळ्यामुळे ईसीजीची रेघ खडबडीत होते आणि मशीन भलत्याच ठिकाणी ठोका मोजतं. अर्धवट कापलेल्या क्लिप्स येऊ लागल्या की हेच समजा. इलेक्ट्रोड हलवून पाहा. नाही जमलं तर ठोक्यांवर नको, वेळेवर क्लिप घ्या. २ ते ३ सेकंद पुरतात.

हार्टमेट ३ मध्ये आणखी एक गंमत आहे. दर २ सेकंदांनी हा पंप स्वतःच वेग क्षणभर २००० आरपीएमने खाली आणतो, मग ठरलेल्या वेगाहून २००० ने वर नेतो आणि पुन्हा जागेवर येतो. याचा ईसीजीशी काही संबंध नाही. डॉप्लरमध्ये ठरावीक अंतराने दिसणारा वेडावाकडा ठोका एक्टॉपिक (अवेळी पडलेला ठोका) म्हणून लिहिण्याआधी घड्याळ बघा.

एका ठोक्यावरून एऑर्टिक व्हॉल्व्हचा निकाल

व्हॉल्व्ह दर ठोक्याला उघडतो, मधूनमधून उघडतो की कायम बंद असतो, यावर पंपाचा वेग ठरवला जातो. त्यामुळे एका क्लिपवर निकाल देऊ नका. पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमध्ये (छातीच्या हाडाशेजारून घेतलेल्या लांब छेदात) एम-मोड (एका रेघेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारं चित्र) लावा, स्वीप २५ ते ५० मिलिमीटर प्रति सेकंद इतका संथ ठेवा आणि निदान ५-६ ठोके नोंदवा. व्हॉल्व्ह नीट दिसत नसेल तर कलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा) एम-मोड जोडा. व्हॉल्व्ह कायम बंद असेल तर रूटमध्ये (महाधमनीच्या मुळाशी) धूसर, घुटमळणारं रक्त किंवा गुठळी आहे का, आणि पाकळ्या एकमेकींना चिकटल्यात का, हेही बघा.

गळती मोजतानाही नेहमीचे ठोकताळे सोडावे लागतात. पंपामुळे महाधमनीतला दाब एलव्हीपेक्षा जवळजवळ सगळा वेळ जास्त राहतो, म्हणून गळती फक्त डायस्टोलपुरती (हृदय सैलावण्याच्या काळापुरती) राहत नाही. कधी पूर्ण चक्रभर चालते. अशा वेळी प्रेशर हाफ टाइम (दोन बाजूंच्या दाबातला फरक निम्मा व्हायला लागणारा वेळ) उपयोगाचा नाही. व्हेना कॉन्ट्रॅक्टा (गळतीच्या झोताची सगळ्यात अरुंद जागा) ३ मिलिमीटर किंवा जास्त, किंवा जेटची रुंदी एलव्हीओटीच्या (एलव्हीतून महाधमनीकडे जाणाऱ्या वाटेच्या) ४६ टक्क्यांहून अधिक असेल, तर गळती निदान मध्यम धरा. कलरमध्ये बारीक दिसणारी पण अखंड गळती फसवी असते. तेच रक्त पंप, महाधमनी आणि एलव्ही यांच्यात फिरत राहतं. कंट्रोलरवर फ्लो भरपूर दिसतो आणि रुग्णाला मात्र धाप लागलेली असते.

चुकीच्या जागेचं माप

एलव्हीचा डायस्टोलमधला व्यास पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसच्या टूडी चित्रात, मायट्रलच्या टोकांपाशी घ्या. मापाची रेघ कॅन्युलाला लागू देऊ नका. दर वेळी त्याच जागी घेतलेलं हे माप तुलनेसाठी सगळ्यात विश्वासाचं. कॅन्युलाच्या सावलीमुळे टोक नीट दिसत नाही, म्हणून सिम्प्सन पद्धतीने काढलेल्या ईएफवर (दर ठोक्याला एलव्हीतून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या टक्क्यावर) फार जोर देऊ नये.

एलव्हीओटी व्हीटीआयवरून (डॉप्लरमध्ये एका ठोक्यात रक्ताने कापलेल्या अंतरावरून) कार्डियाक आउटपुट (हृदयाकडून मिनिटाला मिळणारं रक्त) काढणं ही तर सरळ चूक. तिथून फक्त व्हॉल्व्हमधून गेलेलं रक्त मोजलं जातं. पंपाचा वाटा त्यात येतच नाही. एकूण आउटपुट हवं असेल तर उजव्या बाजूला जा: आरव्हीओटीचं (उजव्या जवनिकेतून बाहेर जाणाऱ्या वाटेचं) क्षेत्रफळ, व्हीटीआय आणि ठोके. पल्मनरी गळती मोठी नसावी, एवढी अट.

आवाजी कलर पाहून ‘अडथळा’ लिहिणं

एचव्हॅडचा पंप थेट टोकाशी बसलेला असल्याने कॅन्युलाजवळचं कलर आणि डॉप्लर त्याच्या अडथळ्याने झाकोळून जातं. गेन वाढवल्यास गोंधळच वाढतो. तिथे कॅन्युलाची दिशा टूडीमध्ये बघा: तोंड मायट्रलकडे असावं, सेप्टमकडे नाही. हार्टमेट २ मध्ये कॅन्युलातला वेग साधारण १.५ मीटर प्रति सेकंदाच्या आत असतो. आउटफ्लो ग्राफ्टसाठी रुग्णाला उजव्या कुशीवर वळवा आणि उजव्या पॅरास्टर्नलमधून वर जाणाऱ्या महाधमनीशेजारी शोधा. वेग २ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला तर अडथळ्याचा संशय घ्या, पण आधी बीमचा कोन तपासा. ग्राफ्ट दिसलाच नाही तर ‘दिसला नाही’ असं लिहा. ‘नॉर्मल’ लिहू नका.

लो फ्लो अलार्म वाजला की वेग वाढवण्याची घाई

आधी दोन्ही जवनिका बघा. एलव्ही लहान, सेप्टम डावीकडे ओढलेलं आणि आरव्ही (उजवी जवनिका) मोठी असेल तर उजवी बाजू कमी पडतेय. दोन्ही लहान आणि आयव्हीसी (हृदयाकडे रक्त आणणारी खालची महाशीर) चपटी असेल तर शरीरात द्रव कमी आहे. दोन्हींत वेग वाढवला तर सेप्टम कॅन्युलावर चिकटतं, एक्टॉपिक सुरू होतात आणि फ्लो आणखी पडतो. उलट एलव्ही मोठी, मायट्रल गळती वाढलेली आणि व्हॉल्व्ह दर ठोक्याला उघडत असेल तर पंप एलव्ही रिकामी करत नाहीये: गुठळी, दुमडलेला ग्राफ्ट किंवा चढलेला दाब शोधा. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत टॅम्पोनेडची (हृदयाभोवती रक्त साचून त्यावर दाब येण्याची) नेहमीची चिन्हं दिसतीलच असं नाही. उजव्या एट्रियममागे साचलेली गुठळी छातीवरून केलेल्या इकोत निसटते; संशय असेल तर टीईई (अन्ननलिकेतून केलेला इको) किंवा सीटी सांगा.

रॅम्प टेस्ट तयारीशिवाय

रॅम्प टेस्ट म्हणजे पंपाचा वेग पायऱ्यापायऱ्यांनी बदलत केलेला इको. त्यासाठी आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचं माप) ठरलेल्या मर्यादेत हवा, आणि रूटमध्ये किंवा एलव्हीत गुठळी नाही हे आधी बघायचं. वेग कमी झाला की रक्त थबकतं, आणि बंद असलेला व्हॉल्व्ह उघडला तर गुठळी सुटू शकते. हार्टमेट ३ मध्ये १०० आरपीएमच्या, हार्टमेट २ मध्ये ४०० च्या पायऱ्या घ्या. प्रत्येक पायरीवर निदान २ मिनिटं थांबा, मगच व्यास, सेप्टम, व्हॉल्व्ह आणि दाब नोंदवा. एलव्हीचा व्यास ३ सेंटिमीटरखाली गेला, मीन प्रेशर ६० खाली आलं, चक्कर आली किंवा ठोके बिघडले तर तिथेच थांबा. वेग बदलणारा माणूस त्या पंपाचं प्रशिक्षण घेतलेलाच हवा. रुग्णाला खोलीबाहेर सोडण्याआधी कंट्रोलरवरचा आकडा मोठ्याने वाचून तोच रिपोर्टमध्ये लिहा.

तात्पुरत्या इंपेला पंपात (धमनीतून सरकवून एऑर्टिक व्हॉल्व्हमधून एलव्हीत ठेवलेल्या पंपात) मोजमापाचा बिंदू वेगळा. अंतर एऑर्टिक ॲन्युलसपासून (व्हॉल्व्हच्या कड्यापासून) इनलेटपर्यंत (रक्त ओढणाऱ्या तोंडापर्यंत) मोजायचं, पिगटेलच्या (पुढच्या वळलेल्या शेपटीच्या) टोकापर्यंत नाही. सीपी या प्रकारात ते साधारण ३.५ सेंटिमीटर हवं, ५.५ या प्रकारात ५ सेंटिमीटर, आणि त्या ५.५ ला पिगटेलच नसतं. कलरमधला मोझेक (रंगांची मिसळ) व्हॉल्व्हच्या वर दिसला पाहिजे. तो एलव्हीत दिसत असेल तर पंप फार खोल गेलाय.