हुर्राकच्या हंगामात पणजी: निघण्यापूर्वीची तयारी

उन्हाळ्यात मित्रांसोबत बसायला कुठल्या शहरात जावं, असं कुणी विचारलं की मी पणजीचं नाव घेतो. कळंगुट-बागाचा किनारा वेगळा, तो इथे धरलेला नाही. मी म्हणतोय ते मांडवीकाठचं, पायी फिरून संपणारं शहर, आणि त्याच्या जुन्या गल्ल्यांतले चार-सहा टेबलांचे बार. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने तिथे हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, मिळते आणि ती ताजी प्यायची तर तिकडेच जावं लागतं. पण पणजी सहलीच्या गावासारखी रात्रभर जागी नसते. दुपारी झोपते, रविवारी बरीचशी बंद असते आणि तिचे चांगले बार दहा जणांच्या टोळक्याला पुरत नाहीत. त्यामुळे तयारी घरूनच करून निघावं.

आधी तारीख ठरवा, आणि ती काजूवरून ठरवा. काजूची पिकलेली बोंडं चिरडून काढलेला रस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेला निघते ती हुर्राक. तीच पुन्हा रसात मिसळून दुसऱ्यांदा गाळली की फेणी होते. फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या पुढे असतं, ती वर्षानुवर्षं टिकते आणि काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हुर्राक हलकी असते, साधारण १५ टक्क्यांची, आणि साठवून ठेवण्यासारखी नसते. बोंडं असतात तोवरच ती असते. मार्चच्या सुरुवातीला बारमधून दिसू लागते, एप्रिलमध्ये भरात येते, मे सरता सरता तिची चव उतरू लागते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस टेकला की संपलंच म्हणा. म्हणून मार्चअखेर ते एप्रिलचा तिसरा आठवडा हा काळ मी सर्वांत चांगला मानतो. महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्ट्या लागल्यावर गाड्या आणि खोल्या दोन्हींची मारामार सुरू होते, त्याच्या आत जाऊन यावं.

या काळात दोन गोष्टी पंचांगाकडे बघूनच कळतील. शिगम्याची मिरवणूक पणजीत असेल त्या संध्याकाळी मुख्य रस्ते बंद असतात. मिरवणूक बघायची असेल तर जरूर जा, ती बघण्यासारखीच असते. पण त्या रात्री बारमध्ये निवांत बसणं विसरा. दुसरी गोष्ट पवित्र आठवडा. गुड फ्रायडेला कॅथलिक कुटुंबांचे बहुतेक बार बंद असतात आणि शहराचा सूरच वेगळा असतो. त्या दिवशी दार वाजवत फिरू नये. ईस्टरनंतरचा आठवडा मात्र सुरेख. निवडणुका जवळ असतील तर मतदानाच्या आधीचे दारूविक्री बंद असलेले ‘ड्राय डे’ही तपासून ठेवा.

तारीख पक्की झाली की त्याच दिवशी तिकिटं काढायची. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेच्या शुक्रवारच्या गाड्या भराभर भरतात. पणजीसाठी मडगावपर्यंत जायची गरज नाही; जुन्या गोव्याजवळचं करमळी स्टेशन सर्वांत जवळ पडतं, बारा किलोमीटरच्या आसपास. मात्र प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, एवढं बघून घ्या. रात्रीच्या बसने येणारे अधिक सोयीत असतात. पाटोच्या बसस्थानकावर उतरलं की ओरेल खाडीवरचा पादचारी पूल ओलांडायचा, पलीकडे फोंताईन्हास, पणजीची जुनी वस्ती. कोल्हापूरकरांना आंबोलीमार्गे आणि पुणेकरांना बेळगाव-चोर्ला घाटाने गाडी आणता येते, पण ती आणायचीच असेल तर संध्याकाळी ती मुक्कामाच्या जागी उभीच राहील असं आधीच ठरवून टाका.

मुक्काम फोंताईन्हास, सां तोमे किंवा चर्च चौकाच्या आसपासच घ्या. पैसे थोडे जास्त गेले तरी घ्या. सगळ्या यादीत मी या एका गोष्टीवर अडून बसतो, कारण बाकी पुष्कळ गोष्टी यावरच सुटतात. खोलीपासून बार दहा मिनिटांच्या पायी अंतरावर असला की टॅक्सीचा प्रश्न उरत नाही, कोण पिणार नाही आणि कोण गाडी चालवणार हा वाद उरत नाही आणि ज्याला लवकर उठायचं त्याला एकट्याने परतता येतं. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवामाइल्स हे ॲप आहे, पण रात्री उशिरा त्यावर विसंबून राहू नये. दिवसा एकट्याला कुठे जायचं असेल तर पायलट, म्हणजे मोटरसायकलवरची टॅक्सी, मिळते. भाडं आधी विचारून बसावं. दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल देशभर एकच कायदा आहे: १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाड्याच्या स्कूटरलाही तोच लागू होतो. आणि दंड नसता, तरी पणजीच्या त्या वळणांच्या अरुंद रस्त्यांवर माणसं पायी चालत असतात, हे कारण मला पुरेसं वाटतं.

आता माणसं किती न्यायची? चार उत्तम, सहा चालतील. त्याहून जास्त जण असतील तर दोन गट करा आणि जेवायला एकत्र या. याचं कारण बारमध्येच आहे. सां तोमेमधल्या गोम्स परेरा रस्त्यावरचा जोसेफ बार घ्या. आत एवढीशी जागा, गर्दीच्या वेळी अर्धी माणसं ग्लास घेऊन बाहेर उभी. तिथे चौघं जण सहज मिसळून जातात. शेजारचे आजोबा सरकून जागा देतात, यंदा हुर्राक कुठल्या गावची चांगली उतरली ते सांगतात. बारा जण एकदम शिरले की तो बार तुमचा होत नाही आणि इतरांचाही राहत नाही. फेणीत कोकम घालून केलेलं ‘तांबडे रोझा’ हे पेय याच बारचं. ज्यांना हुर्राकचा वास झेपत नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी.

एका संध्याकाळी दोनच जागा ठरवा. एक उभं राहून पिण्याची, एक बसून जेवण्याची. बसायला नगरपालिका बागेसमोरच्या क्लुब वास्को द गामासारखी वरच्या मजल्यावरची जागा मला आवडते. खाली बागेतली झाडं दिसतात आणि वारा लागतो. ३१ जानेवारी रस्त्यावरच्या व्हेनिते या जेवणाच्या जागेची ओळख तिच्या चिमुकल्या सज्जांमुळे. एका सज्जात जेमतेम दोघं मावतात, त्यामुळे ती जागा दोघादोघांची. नावं घेतली म्हणून थेट जाऊन उभे राहू नका. या कुटुंबांनी चालवलेल्या जागा आहेत, घरात लग्न असलं तरी बंद राहतात. आदल्या दिवशी फोन करून दोन प्रश्न विचारायचे: उद्या उघडं आहे का, आणि हुर्राक आसा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना पलीकडचा माणूस खुलतो, असा माझा अनुभव आहे.

नावाजलेल्या जागांपलीकडेही शोधा. चांगला बार ओळखायची माझी खूण अशी, की संध्याकाळी सातच्या सुमाराला आत बसलेल्यांत आसपासचे लोक आहेत का ते बघायचं. कामावरून परतताना एक ग्लास घेऊन घरी जाणारी माणसं जिथे दिसतील, तिथली हुर्राक ताजी असते, कारण शिळी त्यांना चालत नाही. मांडवीत उभ्या असलेल्या कसिनोंच्या समोर, बांदोडकर मार्गावर, संध्याकाळी वाहनांची रांग आणि माणसांची खेचाखेच असते. तिथे वेळ घालवू नये.

वेळेचं गणित दुपारपासून मांडा. एक-दीडनंतर शहर मिटतं, जुने बार संध्याकाळीच पुन्हा उघडतात. एप्रिलमध्ये पारा तेहतीस-चौतीसचाच दिसतो, पण दमटपणामुळे अंगातलं पाणी निथळून जातं. त्या वेळात मासळीची थाळी आणि कढी जेवून झोप काढा. कपडे सुती न्या, रात्रीसाठी एक जास्तीचा शर्ट न्या. हुर्राकचा वास कापडात राहतो. उन्हं उतरल्यावर, साडेसहाच्या पुढे बाहेर पडलात की चालणंही सुखाचं होतं. शुक्रवार आणि शनिवार या दोन संध्याकाळी धरा. रविवार मोकळा सोडा.

आता ग्लासाकडे वळू. हुर्राक लिम्क्यात घेतात. लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, भरपूर बर्फ. मिरची काढून टाका असं सांगू नका, तिच्याशिवाय ते नुसतं गोड पेय होतं. नव्या माणसाची फसगत होते ती इथेच. लिम्क्यामुळे आणि उन्हामुळे ते सरबतासारखं जातं. हिशेब सोपा आहे: १५ टक्क्यांची ९० मिलिलीटर हुर्राक म्हणजे जवळजवळ व्हिस्कीचा ३० मिलिलीटरचा एक पेग. तीन ग्लास हुर्राक म्हणजे तीन पेग झाले, तहानेच्या भरात तासाभरात प्यालात तरीही. त्यात भट्टीगणिक ताकद बदलते. म्हणून प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, आणि हुर्राकवर बिअर किंवा फेणी चढवायची नाही. गोव्यातली जुनी माणसं हे बजावून सांगतात आणि ते ऐकावं. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बाटलीत कुणी ‘घरची’ म्हणून देऊ करेल ती घेऊ नका. परवाना असलेल्या बारमध्येच प्या.

न पिणाऱ्या मित्राचा विचार निघण्यापूर्वीच करा. तो नेहमी सोडा हातात घेऊन कोपऱ्यात बसतो आणि शेवटी सगळ्यांना खोलीवर पोचवतो. हे बरोबर नाही. हंगामात त्याच्यासाठी नीरो विचारा. चिरडलेल्या बोंडांवर वजन ठेवल्यावर जो रस ठिबकतो, तो नीरो. गोड, किंचित तुरट, आंबलेला नसतो, आणि ताजाच प्यावा लागतो, त्यामुळे सकाळी शोधावा. कोकम सरबत सगळीकडे मिळतं. औषधं चालू असलेल्याला आग्रह नको. गोव्यात पिण्याचं वय १८ आहे, आणि महाराष्ट्रासारखा वैयक्तिक परवाना लागत नाही. तरीही गटात कुणी विशीतलं असेल तर ओळखपत्र जवळ असू द्या.

पोटात काही असल्याशिवाय पहिला ग्लास घेऊ नये. संध्याकाळी आधी भाजी-पाव खा, पणजीत कॅफे भोसले किंवा कॅफे तातोमध्ये. बारमध्ये बसल्यावर चोरीस-पाव (चोरीस म्हणजे मसालेदार गोवन सॉसेज), रिसॉइस म्हणजे कोळंबी भरून तळलेल्या करंज्या, कटलेट. गोमांस किंवा डुक्कर न खाणारे कुणी असतील तर मागवण्याआधी विचारायला लाजू नका. चोरीस डुकराचंच असतं, कटलेट बरेचदा बीफचं. रात्री उशिरा भूक लागली तर गाड्यावरचं रॉस ऑम्लेट आहे. ऑम्लेटवर ओतलेला तो गरम मसालेदार रस्सा आणि सोबत पाव, यापुढे मला कुठलंही हॉटेल नको वाटतं. रोख पैसे थोडे खिशात ठेवा, सुटे ठेवा. हिशेबाची वर्गणी आधीच एकाकडे जमा करा. ग्लास रिकामे झाल्यावर आकडे मांडत बसलं की उठताना मनं खट्टू होतात.

आणि ज्यांच्या गल्लीत तुम्ही जाणार, त्यांच्याबद्दल. फोंताईन्हासची निळी-पिवळी घरं राहती आहेत. खिडकीच्या आत कुणी रोझरी म्हणत असतं, कुणाचं मूल झोपलेलं असतं. लोकांच्या उंबऱ्यावर बसून फोटो काढू नका, रात्री दहानंतर रस्त्यात मोठ्याने बोलू नका, रिकामा ग्लास कुणाच्या कठड्यावर ठेवून जाऊ नका. किनाऱ्यावर किंवा नदीकाठी उघड्यावर बसून पिण्याला गोव्यात बंदी आहे, दंड होतो. ही गल्ली तिथल्या लोकांना नकोशी झाली तर ते बारही बंद होतील, आणि मला ते नको आहे. निघताना बारवाल्याला ‘देव बरें करूं’ म्हणा, कोकणीत आभार असेच मानतात. दुसऱ्या संध्याकाळी तो तुम्हाला ओळखेल.

परतीची एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. मित्र फोन करून बाटली आणायला सांगतील. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेवर उत्पादन शुल्क खात्याची तपासणी होते. बस थांबवूनही बघतात. शिवाय हुर्राक प्रवासात हिंदकळून, उन्हात तापून घरी पोचेपर्यंत बिघडते. त्या मित्रांसाठी काजूगर घ्या, खाजे घ्या, आणि पुढच्या एप्रिलच्या गाडीचं आरक्षण कधी उघडणार ती तारीख त्यांना कळवून ठेवा.