या चुका टाळा: मराठीत विचार करून इंग्रजी बोलताना कुठे घोटाळा होतो

इंग्रजीतल्या चुकांच्या ज्या याद्या सगळीकडे फिरत असतात, त्यांत सगळ्या चुकांना एकच माप लावलेलं असतं. 'प्रीपोन' म्हणू नका, 'कझिन ब्रदर' म्हणू नका, वाक्याच्या शेवटी 'विथ' आणू नका, आणि त्याच दमात 'येस' आणि 'नो' यांची गल्लत करू नका. पहिल्या तिन्हींनी कुणाचं काही बिघडत नाही. चौथीमुळे परदेशी विमानतळावर दंड भरायची वेळ येऊ शकते. प्रौढ माणसं इंग्रजी शिकायला येतात तेव्हा नेमक्या बिनमहत्त्वाच्या चुकांना घाबरलेली असतात आणि ज्यांनी अर्थच उलटा होतो त्यांचा त्यांना पत्ता नसतो. मला हे फार खटकतं, म्हणून सुरुवात त्या 'येस'पासूनच करते.

'हो' म्हणजे 'येस' नव्हे

'तू अजून जेवला नाहीस ना?' 'हो, नाही जेवलो.' मराठीत हे उत्तर अगदी बरोबर आहे. आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो: तू म्हणतोस ते खरं. इंग्रजीतला 'येस' मात्र प्रश्नाकडे बघत नाही, घडलेल्या गोष्टीकडे बघतो. जेवलो असेन तर 'येस', नसेन तर 'नो'. प्रश्न सरळ विचारला काय किंवा नकारार्थी विचारला काय, उत्तर तेच राहतं.

आता हे विमानतळावर घडतंय असं समजा. अधिकारी विचारतो, 'यू आर नॉट कॅरिंग एनी फूड, आर यू?' बॅगेत काहीच नाही, म्हणून आपल्या आजी समाधानाने 'येस' म्हणतात. झालं, बॅग उघडायला लागते. उलट प्रकार अधिक महागात पडतो. बॅगेत लोणचं आहे, मनात उत्तर आहे 'नाही हो, आहे ना माझ्याकडे', आणि तोंडातून फक्त 'नो' निघतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशात खाण्याच्या वस्तू जाहीर न करणं हा दंडाचा विषय आहे, आणि तुम्हाला काय म्हणायचं होतं याची नोंद तिथे कुठेच होत नाही.

उपाय सोपा आहे. एकटा 'येस' किंवा एकटा 'नो' कधी सोडायचाच नाही, त्याला अर्धं वाक्य जोडायचं: 'नो, आय ॲम नॉट.' 'येस, आय हॅव सम पिकल.' 'वुड यू माइंड वेटिंग?' या प्रश्नालाही हेच लागू. त्याला 'येस' म्हणणं म्हणजे 'हो, मला थांबायला अडचण आहे'. थांबायला तयार असाल तर 'नॉट ॲट ऑल' म्हणा.

फाईल पाठव की पाठवा?

मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'पाठव' आणि 'पाठवा' यांत एका कान्याचा फरक आहे, पण त्या एका कान्यात सगळी अदब आली. त्यामुळे बोलताना आपण 'कृपया' क्वचितच वापरतो आणि तरी उद्धट ठरत नाही. इंग्रजीत हा काना नाही. मनात 'फाईल पाठवा' असतं, बाहेर 'सेंड मी द फाईल' येतं, आणि लंडनच्या किंवा शिकागोच्या सहकाऱ्याला ते 'फाईल पाठव' असं ऐकू येतं. सुरुवातीला 'प्लीज' लावून थोडाच फरक पडतो, कारण क्रियापद अजूनही हुकूमच देत असतं. इंग्रजी अदब प्रश्नातून दाखवते: 'कुड यू सेंड मी द फाईल?' हॉटेलात 'आय वॉन्ट टी' ऐवजी 'कुड आय हॅव अ टी?' किंवा 'आय वुड लाइक अ टी'. स्वभावाने अतिशय नम्र असलेली मराठी माणसं परदेशी सहकाऱ्यांत तुसडी ठरतात, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

ईमेलमधला 'प्लीज रिव्हर्ट' हाही इथलाच. भारतात त्याचा अर्थ 'उत्तर द्या' असा सर्वांना कळतो. इतरत्र 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. सॉफ्टवेअरवाल्यांनी तर हे फार जपावं: केलेला बदल मागे घ्या असं समजून समोरचा खरोखरच तो मागे घेईल. 'प्लीज रिप्लाय' लिहा. सभेत 'आय हॅव अ डाउट' म्हणतानाही सांभाळा. आपली 'शंका' म्हणजे प्रश्नही असतो आणि संशयही. त्यांच्या 'डाउट'मध्ये फक्त संशय आहे, त्यामुळे बोलणाऱ्याला वाटतं की तुमचा त्याच्यावर विश्वास बसलेला नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' हे सुरक्षित.

डॉक्टरांशी बोलताना

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी बाकी काही नाही तरी एवढं वाचावंच.

आपला 'पाय' कमरेपासून बोटांपर्यंत असतो, आपला 'हात' खांद्यापासून बोटांपर्यंत. इंग्रजीत घोट्याच्या वर 'लेग' आणि खाली 'फुट', मनगटापर्यंत 'आर्म' आणि पुढे 'हँड'. पायाची बोटं 'फिंगर्स' नाहीत, ती 'टोज'. डावा हात खांद्यापासून दुखत असताना 'माय हँड इज पेनिंग' असं सांगितलं, तर ऐकणारा तळहाताचा आणि मनगटाचा विचार करतो. हृदयविकाराचं दुखणं डाव्या हातात उतरू शकतं हे आपल्याला माहीत आहे, डॉक्टरांनाही माहीत आहे, फक्त आपण त्यांना चुकीचा अवयव सांगितलेला असतो. म्हणा: 'माय लेफ्ट आर्म हर्ट्स.' 'पेनिंग' हे रूप तिकडे कुणी वापरत नाही.

'मला बीपी आहे', 'मला शुगर आहे' ही वाक्यंही तशीच उचलू नका. रक्तदाब प्रत्येकालाच असतो. 'हाय ब्लड प्रेशर' की 'लो', ते सांगा. 'शुगर'साठी 'डायबिटीस' म्हणा. 'लूज मोशन'ला 'डायरिया'. 'ॲसिडिटी'ला, छातीत जळजळत असेल तर, 'हार्टबर्न'. 'गिडीनेस'पेक्षा 'आय फील डिझी' लवकर कळतं. मात्र आपल्या एका 'चक्कर' शब्दात दोन त्रास आहेत: खोली फिरल्यासारखी वाटणं आणि शुद्ध हरपेल असं वाटणं. डॉक्टरांच्या दृष्टीने ते वेगळे, तेव्हा नेमकं काय होतंय ते पूर्ण वाक्यात सांगा.

'गेलो होतो'चं काय करायचं?

'मी गेल्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो.' यात 'होतो' आहे म्हणून आपण 'हॅड' घालतो: 'आय हॅड गॉन टू पुणे लास्ट वीक.' इंग्रजीत 'हॅड गॉन' ऐकलं की पुढे दुसरी घटना येणार असं वाटतं. गेलो होतो, तेव्हा काय झालं? तुम्ही तर वाक्य संपवून मोकळे. एकच घटना सांगायची असेल तर 'आय वेन्ट टू पुणे लास्ट वीक' पुरेसं आहे.

'मी कालच पैसे भरले आहेत' या वाक्यात 'काल' आणि 'आहेत' मराठीत सुखाने एकत्र नांदतात. इंग्रजीत 'हॅव पेड' बरोबर 'यस्टरडे' चालत नाही. वेळ सांगितलीत तर 'आय पेड यस्टरडे', सांगायची नसेल तर 'आय हॅव पेड'.

आणि 'पाच वर्षांपासून'. त्या 'पासून'मुळे हमखास 'सिन्स फाइव्ह इयर्स' येतं. 'सिन्स'ला सुरुवातीचा क्षण लागतो (सिन्स 2019, सिन्स मंडे) आणि 'फॉर'ला काळाची लांबी. शिवाय 'आय ॲम वर्किंग' नाही, 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य बोलावं लागतंच, त्यामुळे ते तोंडात बसेपर्यंत घोकण्यात काही कमीपणा नाही.

'मला समजत नाहीये'मधून येणारं 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' मात्र वाक्यागणिक दुरुस्त करत बसू नका. कळणं, माहीत असणं, हवं असणं, मालकीचं असणं ही क्रियापदं साध्या रूपात ठेवायची एवढं लक्षात असलं की बाकीचं सवयीने येतं.

किरकोळ, पण पटकन सुटणाऱ्या

मराठीत 'केस गळतात', अनेकवचनात. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर', एकवचन: 'माय हेअर इज फॉलिंग आउट'. सूपमध्ये सापडलेला एक तेवढा 'अ हेअर'. 'न्यूज' आणि 'ॲडव्हाइस' यांना आपण बातम्या आणि सल्ले यांच्यासारखं मोजतो, ते चालत नाही. 'फर्निचर' आणि 'इन्फर्मेशन' यांच्या बाबतीत मराठी कानावर विश्वास ठेवा. आपण 'फर्निचरं' किंवा 'माहित्या' म्हणत नाही, तेही म्हणत नाहीत.

'च'साठी 'ओन्ली' लावणं थांबवा. 'आय केम यस्टरडे ओन्ली' याचं 'आय केम जस्ट यस्टरडे' करा. 'डिस्कस' आणि 'ऑर्डर' या क्रियापदांनंतर 'अबाउट' किंवा 'फॉर' नको. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'मधला शेवटचा स सोडू नका. ऑफिसच्या मागच्या दाराला 'बॅकसाइड' म्हणू नका, तो शब्द माणसाच्या बैठकीसाठी आहे. आणि अमेरिकनाला 'आय पास्ड आउट इन 2018' म्हणालात तर तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडलात असं तो समजेल.

ज्यांची भीती उगाच आहे

'प्रीपोन' बिनधास्त वापरा, निदान भारतात. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून त्याची नोंद आहे. ज्या भाषेत चुलत, मामे, आते आणि मावस या सगळ्यांना मिळून एकच 'कझिन' आहे, तिथे आपण 'ब्रदर' जोडून भाऊ की बहीण ते सांगितलं तर आपापसांत काहीच बिघडत नाही. 'डू द नीडफुल' हे तर ब्रिटिशांचंच. त्यांनी ते सोडलं, आपण ठेवलं.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, हा आक्षेप जॉन ड्रायडन या कवीने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणावर घेतला होता. तो पुढे शाळांतून नियम म्हणून शिकवला गेला. हेन्री फाउलर या इंग्रजीच्या मान्यवर जाणकाराने 1926 मध्येच त्याला अंधश्रद्धा ठरवलं. 'लेस' (मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी) आणि 'फ्युअर' (मोजता येणाऱ्यांसाठी) यांचा भेदही 1770 मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने आपली पसंती म्हणून मांडला होता. तरी त्यावरून इंग्लंडमध्ये आजही वाद होतात. टेस्को या दुकानसाखळीने 2008 मध्ये काउंटरवरच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाट्या बदलून 'अप टू टेन आयटम्स' लिहायचं ठरवलं. औपचारिक लेखनात हा भेद पाळावा, बोलताना त्यावरून कुणाला अडवू नये.

उच्चाराच्या दोन गोष्टी

ॲक्सेंट बदलायची काहीच गरज नाही. पण इंग्रजीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन वेगळे आवाज आहेत आणि आपल्याकडे दोन्हींसाठी एकच व. देवनागरी लेखन इथे फसवतं: 'व्हॅन' आणि 'व्हॉट' दोन्हींत व्ह लिहितो, पण पहिला 'व्ही' आहे, दुसरा 'डब्ल्यू'. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू करा, दात लागू देऊ नका. आरशासमोर 'वाइन' दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघा. एक दारू आहे, दुसरा वेल.

दुसरी गोष्ट आघाताची. मराठी शब्दात सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने येतात, इंग्रजीत एकावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'डेव्हलप'मध्ये 'व्हे'वर, 'हॉटेल'मध्ये 'टेल'वर. जोर चुकला की शब्द बरोबर असूनही ऐकणारा अडखळतो, आणि तो अडखळला की आपण तोच शब्द तसाच अधिक मोठ्याने म्हणतो. त्याऐवजी जोर पुढच्या अक्षरावर सरकवून पाहा. शब्दकोशांच्या संकेतस्थळांवर उच्चार ऐकण्याची सोय असते. रोज वापरातले शब्द तिथे एकदा ऐकून घ्या. 'रिसीट'मधला पी आणि 'डेट फंड'मधला बी मात्र मुळीच उच्चारू नका. ती अक्षरं पंडितांनी शब्दाचं लॅटिन मूळ दिसावं म्हणून स्पेलिंगमध्ये घातली, इंग्रज माणसाच्या तोंडात ती कधी आलीच नाहीत.