तत्त्वज्ञानाच्या निबंध स्पर्धेला उतरताना

विभागाच्या फलकावर पत्रक लागलं की त्याचा फोटो काढून ठेवा आणि घरी सावकाश वाचा. शेवटची तारीख, शब्दमर्यादा, वयाची अट, मराठीत लिहिलेलं चालतं का, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. बोनाफाईड मागितलं असेल तर त्याच आठवड्यात ऑफिसात अर्ज टाका. एका सहीपायी चांगला निबंध घरातच राहिलेला मी पाहिला आहे.

मग विषयाकडे वळा, आणि घाई करू नका. विषय जसाच्या तसा लिहून काढा आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाला विचारा, तू इथे कशाला आहेस? जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरची गोष्ट मी दरवर्षी सांगतो. १८३९ साली इच्छास्वातंत्र्यावरच्या निबंधाला नॉर्वेच्या शाही विद्वत्सभेने त्याला बक्षीस दिलं. त्याच वर्षी डेन्मार्कच्या सभेकडे नीतीच्या पायावर लिहिलेला निबंध पाठवला, तेव्हा तो एकटाच स्पर्धक होता, तरी १८४० साली बक्षीस नाकारलं गेलं. विचारलेला मुख्य प्रश्न याने बाजूला ठेवला, असा परीक्षकांचा एक आक्षेप होता. मोठ्या तत्त्वज्ञांचा उल्लेख असभ्यपणे केला, असा दुसरा. परीक्षक चुकलेही असतील, पण प्रश्न हातातून निसटतो कसा, ते यातून कळतं.

आमच्या एका विद्यार्थिनीचा विषय होता, ‘क्षमा करणं हे कर्तव्य असू शकतं का?’ पहिला खर्डा आला तो तीन पानांचा. बुद्ध, येशू, पसायदान, सगळं त्यात होतं आणि मनापासून लिहिलेलं होतं. पण ती तिन्ही पानं क्षमेच्या थोरवीवर होती, ‘कर्तव्य’ हा शब्द शेवटच्या ओळीत एकदाच आला होता. कॅन्टीनमध्ये बसून आम्ही फक्त ‘मागणे’ या क्रियापदावर बोललो. उसने दिलेले पैसे आपण परत मागतो ते हक्काने. भीकही मागतात, तिथे हक्क नसतो. मग ‘क्षमा मागणे’ यातलं कुठलं? चहा निवून गेला, पण निबंध सापडला. क्षमा हे अपराध्याने हक्काने मागावं असं येणं नाही, म्हणून ती कर्तव्य नाही, असा तिचा पक्ष ठरला. असा एका वाक्यात सांगता येणारा पक्ष हाती येईपर्यंत लिहायला बसू नका.

यानंतर पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू. आपल्या शास्त्रग्रंथांची ही रीत स्पर्धेतही सोडू नका, आणि पूर्वपक्ष असा मांडा की विरोधकाने वाचून ‘हो, हेच माझं म्हणणं’ म्हणावं. त्या विद्यार्थिनीच्या पक्षावरचा आक्षेप जबरदस्त होता. दान करणं कर्तव्य मानलं, तरी दारातल्या अमुक एका माणसाचा माझ्या पैशावर हक्क नसतो. म्हणजे कुणाचा हक्क नसतानाही कर्तव्य असू शकतं. कांट या तत्त्वज्ञाने ज्यांना अपूर्ण कर्तव्यं म्हटलं, ती साधारण अशीच. तिचा अर्धा निबंध कोसळला आणि तिने तो पुन्हा उभा केला. क्षमाशील स्वभाव जोपासणं कर्तव्य असेल, पण या अपराध्याला आज क्षमा करणं नव्हे, इथे ती पोचली. माझ्या मते निबंधातला सगळ्यात मोलाचा परिच्छेद तोच होता.

वाचन थोडं पण नेटकं ठेवा. एक मूळ ग्रंथ आणि दोन लेख पुरतात. मराठीत लिहिताना पारिभाषिक शब्दांपाशी अडलात तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड ग्रंथालयातून मागवा, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या ‘परामर्श’चे जुने अंकही चाळा. एकदा घेतलेला शब्द शेवटपर्यंत त्याच अर्थाने वापरा. कुणाचं वाक्य घेतलंत तर पान क्रमांक तिथल्या तिथे टिपून ठेवा, नंतर सापडत नाही.

खर्डा झाला की दोन दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. ‘मानव अनादी काळापासून विचार करत आला आहे’ अशी सुरुवात असेल तर तो परिच्छेद निःसंकोच खोडा. तत्त्वज्ञान न शिकलेल्या मित्राला वाचायला द्या. तो जिथे थांबेल, तिथे बहुतेक वेळा एक पायरी राहून गेलेली असते.

आता पाठवण्याचं. नाव नको अशी अट असेल तर ते पानावर, तळटीपेत आणि फाइलच्या नावातही येऊ देऊ नका. फाइलच्या माहितीत लेखक म्हणून नाव आपोआप बसतं, तेही पुसा. (शोपेनहाउअरच्या काळात निबंधावर एक बोधवाक्य लिहायचे आणि नाव वेगळ्या बंद पाकिटात द्यायचे.) टंकन युनिकोडमध्येच करा, जुन्या फाँटमधली अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर चिन्हांसारखी दिसतात. पीडीएफ करून ती मोबाईलवर उघडा, जोडाक्षरं आणि पान क्रमांक पाहा, शब्द पुन्हा मोजा. मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवा आणि पोच आल्याशिवाय वही मिटू नका.