मोडल बरोबर, जागा चुकली: इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण बसवताना या चुका टाळा

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात एका काकूंनी सांगितलेला किस्सा. लेकीच्या सासरी बंगळूरला गेल्या होत्या. व्याह्यांना मराठी येत नाही, काकूंना कन्नड येत नाही, म्हणून जेवताना सगळं इंग्रजीत. ताटात तिसऱ्यांदा होळीगे, म्हणजे तिकडची पुरणपोळी, आली तेव्हा त्या म्हणाल्या, "आय कान्ट रिअली ईट मोअर." विहीणबाई हसल्या आणि तूप ओतून आणखी अर्धी वाढली.

काकूंना म्हणायचं होतं, "खरंच आता जात नाही हो." समोर पोचलं ते "तशी फारशी भूक नाही" एवढंच, आणि तेवढ्यावर कुठली यजमानीण थांबते? नकार पक्का करायचा तर "आय रिअली कान्ट ईट मोअर." शब्द तेच, फक्त 'रिअली'ने जागा बदलली.

कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड आणि मस्ट ही नऊ मोडल, म्हणजे मुख्य क्रियापदाला शक्यता, सक्ती अशी छटा देणारी सहायक क्रियापदं, शाळेत सगळ्यांनी घोकलेली असतात. बारावीच्या पेपरात 'शक्यता दाखवणारं मोडल वापरा' छापाचे प्रश्नही सोडवलेले असतात. पण ऑलवेज, प्रॉबेबली, रिअली, ऑल्सो हे शब्द त्या मोडलच्या अलीकडे ठेवायचे की पलीकडे, हे क्वचितच कुणी बसून शिकवतं. मराठीत हा प्रश्न फारसा येतच नाही. 'तो बहुतेक येईल' यातलं 'विल' त्या 'येईल'च्या पोटातच आहे. इंग्रजीत मात्र 'विल' आणि 'कम' वेगवेगळे उभे राहतात, मधे फट पडते आणि क्रियाविशेषणाची नेहमीची जागा ती फटच असते. ही विल प्रॉबेबली कम. यू शुड ऑलवेज चेक द बिल. आय कॅन ऑल्सो कुक. 'ही प्रॉबेबली विल कम' हेही चूक नाही, पण तिथे भर 'विल'वर पडतो, जणू आधी कुणीतरी 'नाही येणार तो' म्हणालंय.

नकार आला की फट विसरा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. नियम पाठ असलेली मुलं हमखास "ही वोन्ट प्रॉबेबली कम" म्हणतात. हे कानाला खटकतं. 'वोन्ट', 'कान्ट'सारखं जोडरूप असेल तर 'प्रॉबेबली' त्याच्या आधी हवं: "ही प्रॉबेबली वोन्ट कम." गंमत म्हणजे इथे मराठी मदतीला येते. 'तो बहुतेक येणार नाही' यात 'बहुतेक' जिथे आहे तिथेच ते इंग्रजीतही आहे. 'नॉट' सुटं लिहायचं असेल तर "ही विल प्रॉबेबली नॉट कम". म्हणजे दोन्हीकडे 'प्रॉबेबली' नकाराच्या आधीच.

यामागचं तत्त्व एकच आहे. क्रियाविशेषण नकाराच्या आधी असेल तर ते नकारावर शिक्का मारतं. नकारानंतर असेल तर नकार बहुतेक वेळा त्या क्रियाविशेषणालाच लागतो. "यू कान्ट ऑलवेज विन" म्हणजे 'नेहमीच जिंकता येत नाही', 'कधीच जिंकत नाही' असा त्याचा अर्थ नाही. ऑफिसच्या मेलमध्ये याचा फटका बसतो. "वी विल नॉट डेफिनेटली मिस द डेडलाइन" असं लिहिणाऱ्याच्या मनात 'आम्ही नक्की चुकवणार नाही' असतं. वाचणाऱ्याला वाटतं, 'चुकेलच असं काही नाही', आणि त्याचा लगेच फोन येतो. लिहायला हवं होतं "वी डेफिनेटली विल नॉट" किंवा "वी विल डेफिनेटली नॉट". मेल पाठवण्याआधी असं वाक्य मराठीत मोठ्याने म्हणून बघा: 'नक्की नाही' म्हणायचंय की 'नक्की असं नाही'? गाडी कुठे अडली ते तिथेच कळतं.

'कसं' सांगणारे शब्द मागे

हळू, नीट, अस्खलित अशा रीत सांगणाऱ्या शब्दांचं वेगळं. आपण 'हळू चालव' म्हणतो म्हणून "यू शुड स्लोली ड्राइव" तोंडात येतं. हवं "यू शुड ड्राइव स्लोली". आणि क्रियापद व कर्म यांच्या मधे तर काहीच घुसवायचं नाही. "आय कॅन स्पीक फ्लुएंटली इंग्लिश" हे वाक्य बायोडेटात दिसलं की फ्लुएंटलीचा तिथेच निकाल लागतो. "आय कॅन स्पीक इंग्लिश फ्लुएंटली" असं लिहा.

इंटरव्ह्यूमधली दुसरी एक चूक याहून महागात पडते: "सर, आय कॅन वर्क हार्डली." क्रियाविशेषण म्हणजे शेवटी 'ली' हे डोक्यात बसलेलं असतं. पण मेहनतीने काम करणं म्हणजे "वर्क हार्ड". हार्डली म्हणजे जेमतेम. आपण मराठीतही 'हार्डली पाच मिनिटं लागतील' म्हणतोच की! हार्डलीच्या पोटात आधीच नकार असतो, म्हणून "आय कान्ट हार्डली हिअर" नको. "आय कॅन हार्डली हिअर यू" एवढं पुरे. फोनवर रेंज गेली की हेच वाक्य लागतं.

एकाच अर्थाचे दोन शब्द

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली होती: ऑल मेंबर्स मस्ट कम्पल्सरिली अटेंड. मस्ट आहे तर कम्पल्सरिली कशाला? (सभेला यायचे ते तेवढेच आले, तो भाग वेगळा.) "मे पॉसिबली" आणि "माइट परहॅप्स" यांतलाही दुसरा शब्द बहुतेक वेळा काढून टाकता येतो. "कुड यू पॉसिबली" मात्र ठेवा, विनंतीत तो शब्द आर्जवाचं काम करतो.

'मे बी' आणि 'मेबी' आपल्या कानाला एकच. जोडून लिहिलेलं 'मेबी' म्हणजे कदाचित, ते सहसा वाक्याच्या तोंडाशी बसतं: मेबी ही विल कम. तोडून लिहिलेलं 'मे बी' हे क्रियापद आहे: ही मे बी लेट. "ही मेबी कम" असं काही नसतं.

आणि आपला लाडका 'च'. 'तू यायलाच हवं' याचं "यू मस्ट ओन्ली कम" झालं की ऐकणाऱ्याला वाटतं, फक्त यायचं, बाकी काही करायचं नाही. 'च'साठी इंग्रजीत ठरलेला शब्द नाही. इथे "यू रिअली मस्ट कम" म्हणा. रिअली मोडलच्या आधी घेतल्याने जोर येतो, आणि इथे तो हवाच आहे.

एका ओळीचं उत्तर

"विल यू कम टुमॉरो?" याला "आय विल प्रॉबेबली" म्हटलं तर समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. मुख्य क्रियापद गाळलं की फट उरतच नाही, म्हणून क्रियाविशेषण मोडलच्या आधी जातं: "आय प्रॉबेबली विल." तसंच "आय सर्टनली कॅन." काकूंनी हे पाठ केलंय. दिवाळीला पुन्हा बंगळूरला जायचंय, आणि "वन मोअर?" असं विचारलं की "आय रिअली कान्ट" एवढंच म्हणून ताटावर हात आडवा धरायचा, असं ठरलंय.